अल्टिमाची आत्या

३ फेब्रुवारी
बारसं झालं. दादाच्या धाकटीच्या कानात मी नाव सांगितलं आणि सोसायटीतल्या बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की अजून दुखतंय. अल्टिमा! अख्ख्या नेरुळात कुणाचं नसेल. महापेच्या ऑफिसात मशीन बसवायला इटलीहून आलेल्या मार्कोच्या आजीचं नाव. अल्टिमेटवरून सर्वश्रेष्ठ, असं मी सगळ्यांना ठोकून दिलं. वहिनी म्हणाली, "छान आहे, ताई." आत्याचा मान, दुसरं काय म्हणणार बिचारी.

५ फेब्रु.
मार्कोला पेढे दिले. नाव ऐकून आधी हसला, मग त्याने विचारलं, "अर्थ माहितीये ना?" लॅटिनमधून आलेलं. शेवटची. जुन्या काळी त्यांच्या गावाकडे मुली पुरे झाल्या की ठेवायचे. आजी चार बहिणींच्या पाठची. आता तिकडेही कुणी ठेवत नाही म्हणे.
दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही.
आईचं माहेरचं नाव नकुशी. तिसरी मुलगी, कुणाला नको असलेली. लग्नात बाबांनी सुमन ठेवलं, तरी मामा अजून नकू म्हणतो आणि ती ओ देते. आणि तिच्याच नातीला मी, एवढी शिकलेली...

९ फेब्रु.
अजून कुणाला बोलले नाही. खाली बाकावर आई शेजारणींना सांगत होती, "इटलीचं नाव हाय, आमच्या लेकीनं काढलंय. लई मोठा अर्थ हाय त्याचा." मी सरळ लिफ्ट गाठली. शरम वाटते स्वतःची.

१२ फेब्रु.
वहिनीला सांगितलं. ती बाळाला तेल लावत होती. मी रडायलाच लागले. दाखल्यावर नाव गेलेलं नाही अजून, बदलू म्हटलं.
"राहू दे, ताई. मला तेच हवंय. शेवटची."
मला कळेना.
"आई रोज म्हणतात, आता एक मुलगा. हे गप्प बसतात. मला नाही झेपणार परत. दोन्ही बाळंतपणांत माझं काय झालं, तुम्ही बघितलंय ना." मग हळूच, "अर्थ तुम्हीच सांगा आईंना. माझ्याच्याने नाही होणार."
बघितलंय. आईचं रोजचं टुमणंही ऐकलंय. एकदा तरी तिला गप्प केलं का मी? नाव शोधत बसले होते, भारीतलं.

१३ फेब्रु.
दांडी मारली. आई पाळणा हलवत होती. म्हटलं, नावाबद्दल बोलायचंय.
"मी बी तेच म्हननार व्हते. नातवाचं पन तूच काढ, असंच इटलीचं."
केवढी खुश होती. तरी बोलले. "अल्टिमा म्हणजे शेवटची, आई. आता नातू नाही."
दोरी थांबली.
"कोन म्हनतं? सूनबाई?"
"मी म्हणते."
आई उठून आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलंय. मी दोनदा जेवायला हाक मारली.