गाडीतला मांडव

कोल्हापूर,
८ डिसेंबर २०२४

चि. प्रियदर्शनी हिला पप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे. शालूबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जाते, भाकरी जाड करते एवढंच. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "जेवलात का?" विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

गाडीचं छत करून घेतलं. म्हणजे आतलं कापड. पत्र्याचं काम ऑगस्टमध्येच झालं होतं, आत मात्र तसंच लोंबत होतं. तुझी आई त्याला मांडव म्हणायची. मी तिच्याच साडीपिना मारून ते वर धरलं होतं. "आवो, आज तरी कुशनवाल्याकडं न्हेताय का न्हाय? का ह्या मांडवात दुसरं लगीन लावून घेताय?" माझं उत्तर ठरलेलं, पुढच्या रविवारी. एवढ्याशा कामाला दुसऱ्याचा हात कशाला, हा माझा जन्माचा ताठा.

उद्यमनगरात बाळासो म्हणून कुशनवाला आहे. त्यानं दिवा, हँडल सगळं सोडवून छताचा पुठ्ठा मागच्या दारातून बाहेर काढला. मी म्हटलं, त्यावरच नवीन कापड चिकटव. तो म्हणाला, "काका, आतला फोम मेलाय, त्याचं पीठ झालंय. समदं खरवडून काढाय लागतंय. न्हायतर कितीबी सोल्यूशन लावा, परत डोक्यावर येतंय की." मग मीही ब्रश घेऊन बसलो. तो पिवळा भुगा अजून नखांत आहे.

जुनं कापड झटकताना त्यानं विचारलं, "डाव्या सीटवर कोण बसायचं वो? हितं हाताचा डाग पडलाय बघा." मांडव खाली आला की आई तिथं हात लावून बसायची, ते तू पाहिलं आहेस. मी पाणी प्यायला म्हणून उठलो.

प्रिया, मागच्या रविवारी तेजस्वी व्हिडिओवर म्हणाली, "आजोबा, पट्टा लावा हं. आजीनं लावला नव्हता ना, म्हणून ती गेली." मागून तू म्हणालीस, "आईनं कधी कुणाचं ऐकलंय?" मी मान हलवली. सहा वर्षांच्या नातीपुढं हलवली.

आईनं पट्टा लावला होता.

कोडोलीच्या लग्नाहून निघतानाच लावला होता. वाघबीळच्या उतारावर, खिडक्या उघड्या, वाऱ्यानं पिना सुटल्या आणि कापड माझ्या डोळ्यांवर आलं. मी थांबायला हवं होतं. मी ओरडलो, "धर की ते!" पट्ट्यामुळं तिचा हात पोचेना. तिनं तो काढला, माझ्याकडं वळली आणि दोन्ही हातांनी कापड वर धरलं. मला समोरचं दिसावं म्हणून. मग दिसला मला, वळणावर उभा असलेला ट्रक. उशिरा दिसला.

दवाखान्यात पोलिसांनी विचारलं, बाईंनी पट्टा लावला होता का? मी नाही म्हटलं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सात महिने पै-पाहुणे येतात, तिला हट्टी म्हणून हळहळतात, मला धीर देतात. मी तो घेतो. माझी मलाच किळस येते.

नवीन छत छान बसलंय, एक सुरकुती नाही. एका दिवसाचं काम होतं गं. एका दिवसाचं. मला त्या गाडीत बसवत नाही. दार उघडतो, बघतो, परत लावतो.

डाग पडलेला तेवढा तुकडा कापून पाकिटात घातला आहे. तो तेजस्वीला दे. आजीनं पट्टा लावला होता, एवढं तिला आजच सांग. का काढला, ते ती मोठी झाल्यावर सांग. मला फोन केला नाहीस तरी चालेल.

राजमतीचा नवरा,
बापूसो