उघड्या फायली कोणाच्या

मंगळवार, ८ मार्च २००५

लॅबमधले रिपोर्ट दुपारी पुन्हा अडकले. स्क्रीनवर तीच ओळ, खूप फायली उघड्या आहेत. रिपोर्टच्या प्रोग्रामला एका वेळी १०२४ फायलींची मुभा. त्या भरल्या की पुढची मिळत नाही, मागणारा कोणीही असो. आम्ही भाईंदरला, ते काशीगाव आणि डोंगरीच्या सेंटरवर, सगळेच ठप्प. मी सर्व्हर बंद-चालू करते, सुरळीत होतं. महिनाभर हेच करतेय. का होतं ते बघितलं नाही. का नाही बघितलं?

आज बंद करण्याआधी उघड्या फायलींची यादी काढली. डोंगरीचं नाव सगळ्यात जास्त वेळा. लॅबचे मालक डॉ. पारेख मागे उभे आहेत हे कळलंच नाही. वाचून म्हणाले, तसंही तिथे पेशंट कमी, महिनाअखेर ते सेंटर बंद करू. तिथे फिलोमिना एकटी. रक्त तीच काढते, रिपोर्ट तीच देते. तिची नोकरी जाणार, आणि माझ्या स्क्रीनवर एक नाव चारदा जास्त दिसलं म्हणून.

बुधवार, ९

मर्यादा चौपट केली. सर्व्हरला तशी ऑर्डर टाईप करून दिली, प्रोग्राम पुन्हा चालू केला, दिवसभर अडकला नाही. तरी उघड्या फायलींचा आकडा चढत होता. दर थोड्या वेळाने बघत बसले, चहा गार झाला.

रात्री जेवताना सुहासला सांगितलं. म्हणाला, "मग एक लाख करून टाक ना, कटकटच नको." नवरा विम्याच्या कंपनीत आहे, त्याला असंच सुचणार. पण मर्यादा नसती तर काही चुकतंय हे कळलं तरी असतं का? माहीत नाही. मी वाढवली म्हणजे दुरुस्त केलं, की झाकलं?

गुरुवार, १०

बसने डोंगरीला. फिलोमिनाच्या स्क्रीनखाली खिडक्यांची रांगच. तीसेक तरी. एकेका पेशंटची एकेक.

मी विचारलं, रिपोर्ट छापून झाला की बंद का नाही करत?

"मॅडम, खिडकी उघडी हाय म्हंजी रिपोर्ट न्यायचा ऱ्हायलाय. माणूस बोटीवर हाय. बंद केली तं मना आठवायचा न्हाय."

मासेमारीच्या बोटी आठ-दहा दिवसांनी परततात. तोवर तो माणूस तिच्या स्क्रीनवर. आणि आम्ही सर्व्हर बंद-चालू केला की सगळ्या खिडक्या तुटतात, ती इमानदारीने एकेक परत जोडते. तिला वाटायचं, तिच्या खिडक्या परत जोडता याव्यात म्हणूनच आम्ही तो पुन्हा चालू करतो. दोघी हसलो. मग सेंटर बंद व्हायचं तिच्या कानावर आलंय का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

छापलेली पाकिटं दोरीला चिमट्याने लावून ठेव म्हटलं. माझ्यासमोरच दोरी बांधली, खिडक्या बंद केल्या.

येताना बसमध्ये डोक्यात हिशोब. एका रिपोर्टमागे फार तर पाच-सहा फायली. तीस खिडक्या. हजार भरायला पुरत नाहीत.

शुक्रवार, ११

सकाळी वीज गेली, यूपीएस लगेच बसला. वीज आल्यावर सर्व्हर आपला आपण उठला. संध्याकाळी पुन्हा ठप्प.

मी डॉ.ना सांगायला गेले की डोंगरीने खिडक्या कालच बंद केल्यात. ऐकून घेतलं, मग शांतपणे, "काळे मॅडम, नाम तो वहीं का था ना? आपने ही निकाला."

शनिवार, १२

सापडलं, निदान कालचं. मर्यादा परत १०२४ झाली होती. बुधवारी मी ती माझ्या टर्मिनलवर वाढवली आणि प्रोग्रामही तिथूनच चालू केला. काल तो आपला आपण उठला, त्याला माझी ऑर्डर ठाऊकच नाही. आता सर्व्हर उठताना जी ऑर्डर वाचतो, तिच्यातच लिहिली. एकदा बंद करून, उठवून खात्री केली.

डॉ.ना सांगितलं, कालची चूक माझी, डोंगरीची नाही. "ठीक है. लेकिन भरता क्यों है? सोमवार को बताओ, फिर देखते हैं।"

रविवार, १३

अर्धा दिवस लॅब. डोंगरी रविवारी बंद, फिलोमिना चर्चला. यादीत डोंगरी एकदाही नाही.

आकडा तरी चढतोय.

म्हणजे ती नव्हे. निदान ती एकटी नव्हे. मग कोण? काशीगावला फोन करून एक रिपोर्ट उघडून बंद करायला सांगितला, नीट बंद झाला. मी एक उघडला, छापला, बंद केला. तोही यादीतून गेला. परत तसंच केलं. तासाभराने पाहते तर हा दुसरा अजून उघडा. काय वेगळं केलं? आठवत नाही, काहीच केलं नसावं.

उद्या डॉ. विचारतील कोण, तर मला एवढंच ठाऊक आहे की कोण नाही. ते पुरेल का? यादी छापून घेतली. डोंगरी नाही. त्या न मिटलेल्या फायलीपुढे माझं नाव आहे, तेच आधी दाखवीन.