ठणठणीत माणसाचं रक्त

आंबेवाडी, महाड
१० नोव्हेंबर २०२४

चि. शिवास मंगल आशीर्वाद.

वि. वि. 'तुझी किडनी नको' एवढंच लिहून मोकळा झालास. कारण काही नाही. मला फोनवर ऐकू येत नाही, ते तुझ्या पथ्यावरच पडलंय. भात घरात आलं, आता मी मोकळी आहे. डावी हवी तर डावी घे, उजवी हवी तर उजवी. आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या मशीनला कितीक दिवस बांधून घेणार? लेक म्हणून क्रांती करते सगळं, पण तिची नोकरी आहे ना?

मागे तुझ्या डॉक्टर क्षिप्राबाईंनी माझं रक्त घेतलं होतं. किडनीवाल्यांच्या हृदयाच्या नळ्या खराब होतायत हे रक्तात आधी कळतं का, ते त्या बघत होत्या. तुझ्या रक्ताशी ताडून बघायला ठणठणीत माणूस पाहिजे होतं, तेव्हा तूच माझं नाव दिलंस. मग आता काय झालं? मला राग आलाय. ऑपरेशनची तारीख कळव.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई,
मुक्ता

कामोठे
१५ नोव्हेंबर

आदरणीय ताईस सप्रेम जयभीम.

वि. वि. पत्र मिळालं, शिव्याही पोचल्या. इकडे सोसायटीची लिफ्ट बंद आहे, बाकी ठीक. हे पत्र क्रांतीच्याच हाती देतोय.

रक्तात ट्रोपोनिन म्हणून एक असतं. हृदयाला इजा झाली की वाढतं. किडनीवाल्यांचं बरेचदा एरवीही वरच असतं. माझं वर होतं, पुन्हा तपासलं तर तेवढंच निघालं, म्हणून मॅडमनी टेन्शन घेतलं नाही. पण तुझंही वर आलं. ते त्यांना पटेना, म्हणून त्याच रक्तावर किडनीची तपासणी केली. ताई, तुझ्या दोन्ही किडन्या मिळून निम्मंच काम करतायत. कागदावर फोन नंबर माझा, त्यामुळे आधी मला कळलं. तुला कसं सांगावं ते सुचेना.

द्यायचा विषय संपला. आता तुझं हृदय बघायचंय. चढावर छातीत धरतं का, ते क्रांतीला खरं सांग. लपवू नकोस.

राग ओसरला की लोभ असू दे.
तुझा,
शिवा

आंबेवाडी
१७ नोव्हेंबर

चि. शिवास मंगल आशीर्वाद.

वि. वि. क्रांतीने महाडला नेऊन माझा ईसीजी काढला. तिथले डॉक्टर आजच्या आज धावपळ करायला नको म्हणाले, पण मुंबईला दाखवाच म्हणाले. विहाराच्या चढावर छातीत धरतं. वयाचं समजत होते. क्रांतीला उद्या कामावर जायचंय, म्हणून तिला पुढे पाठवतेय. गुरुवारी शेजारचा स्वराज मला गाडीने आणून सोडेल.

आजाराची भीती नाही वाटत. आई गेली तेव्हा तू रांगत होतास. माझ्या ताटातला घास आधी तुझ्या तोंडात जायचा. तुला द्यायचं, एवढंच मला येतं. या वेळी रिकाम्या हाताने येतेय, त्याचं फार वाईट वाटतं.

दार क्रांतीला उघडायला सांग. तू समोर आलास तर मला रडू येईल.

तुझी ताई,
मुक्ता