तू गोळी घेत होतीस

प्रिय अमुयताई,

फोन केला की तू 'चर्चमध्ये सरावाला निघालेय' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. आधी इकडची खबर. वादळात वरच्या वळणावर दरड आली होती, रस्ता आता एका बाजूने सुरू झालाय. पीच यंदा कमी लागले, पण गोड आहेत. बेहुयदादाच्या थडग्यावर नाव कोरून झालं. पाळकबाईंनी विचारलं, "थोरली का नाही आली?" मी म्हटलं, ताईचा गुडघा दुखतोय. तूच मला तसं सांगितलं होतंस. तेव्हा मला वाटलं, टाळतेय. आता कळलंय की गुडघा खरंच दुखत होता. त्या एका बाबतीत तू मला खरं सांगितलंस.

मला काय झालं ते सांगते. कोबीची रोपं लावून घरी आले, तर उजव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला. वाटलं किडा चावला. दुसऱ्या दिवशी अंगठा वांग्यासारखा सुजला, मोजा घालवेना, वाऱ्याची झुळूक लागली तरी जीव कळवळे. असा अंगठा मी आयुष्यात एकाचाच पाहिलाय, आपल्या दादाचा. पण मी तर राळ्याच्या दारूचा थेंब घेत नाही. सणाला नुसता ओठ लावते, तोही लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून.

आरोग्य केंद्रात नवी डॉक्टरीण आलीय, तरुण आहे, खालच्या शहरातली. तिने विचारलं, "हा गाऊट दिसतोय. घरात कुणाला होता?" मी म्हटलं, "भावाला. पण तो प्यायचा." ती म्हणाली, "आणि बायकांपैकी?" मी हसले. म्हटलं, "बायकांना कुठं होतो हा रोग?" तर म्हणाली, "होतो की. पुरुषांना पंचविशी-तिशीतच गाठतो. बायकांना पाळी चालू असेपर्यंत शरीरच सांभाळून घेतं. पाळी गेली की तो आधार जातो. तुमची कधी गेली?" मी सांगितलं. तिने मान हलवली. मग समजावलं की रक्तातलं युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायची वाट काही घराण्यांत जन्मापासूनच अरुंद असते, आणि आपल्या डोंगरातल्या लोकांत अशी घराणी खूप आहेत. हे आईकडूनही येतं आणि बापाकडूनही. दारूने, मांसाने भर पडते, पण न पिणाऱ्यालाही व्हायचं ते होतं. रोजची गोळी घेतली तर आवरतं. ती काहींना सोसत नाही, म्हणून आधी रक्त तपासतात, एवढंच. शेवटी तिने विचारलं, "आईची बोटं कशी होती हो?"

ताई, आईची बोटं तुला आठवतात ना? पेरांवरच्या त्या पांढऱ्या गाठी, खडूसारख्या. आई म्हणायची, विणून विणून झालंय. आपणही तेच धरून चाललो. बाबा जन्मभर प्यायले आणि ऐंशीव्या वर्षीही रानडुकरामागे धावले, त्यांचा अंगठा कधी दुखला नाही. सगळं आईकडून आलं होतं, आणि आई तर दारूच्या वासानेही तोंड फिरवायची.

घरी येऊन मी तुलाच फोन केला. मनात काय होतं सांगू? वाटलं, ताईला सांगावं की आपण दादाला उगाच बोल लावला, आणि दोघींनी मिळून रडावं. तू बाहेर गेली होतीस. भावोजींनी उचलला. मी म्हटलं, मला दादाचाच रोग निघालाय, गोळी सुरू करायचीय, जरा भीती वाटतेय. ते म्हणाले, "घाबरू नकोस गं. तुझ्या ताईलाही पहिल्यांदा पोटात मळमळायचं. महिन्याभरात सवय झाली." मी म्हटलं, "कोणत्या ताईला?" जणू मला चार ताया आहेत. ते हळूच म्हणाले, "तुला ठाऊक नाही?"

भावोजींना दोष देऊ नकोस. त्यांना वाटलं होतं की आपल्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनीच सांगितलं की तुझा गुडघा पहिल्यांदा सुजला तेव्हा ते तुला ताओयुआनच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, हे रक्तातून आलंय, भावंडांना कळवा, भाऊ असेल तर आधी त्याला, पुरुषांचं मूत्रपिंड यात लवकर जातं. परत येताना गाडीत भावोजींनी विचारलं, "बेहुयला मी फोन करू?" तू म्हणालीस, "नको. मी सांगते."

ताई, तेव्हा दादाचं मूत्रपिंड शाबूत होतं. त्याला डायलिसिसचं मशीन लागलं ते पुष्कळ नंतर.

तू काय सांगितलंस ते मला आठवतंय, कारण मी तिथेच होते. त्याच वर्षीच्या सुगीच्या प्रार्थनेला तू आलीस, आता मंडळीत मोठं नाव असलेली, आणि दादाला सगळ्यांसमोर उभं केलंस. तो काठी टेकत पुढे गेला. तू म्हणालीस, "पूर्वजांनी घालून दिलेला नेम, आपला गागा, मोडला की अंगावर उमटतं. बेहुय, तुझ्या पायात जे जळतंय ना, ते तुझं पाप आहे. दारू सोडतो असं सगळ्यांसमोर कबूल कर." त्याने कबूल केलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आता नाचायला तरी येईल." लोक हसले, दादाही हसला.

आणि त्याने सोडली, ताई. खरोखर सोडली. त्याने घरातला रांजण फोडला तेव्हा मी अंगणात होते. तरी अंगठा सुजायचा, मग घोटा, मग मनगट. दर वेळी तुझा फोन यायचा, "चोरून पितोय तो. मी ओळखते त्याला." तू थोरली, शिकलेली, शहरातली. तुझ्या शब्दावर त्याची बायको विश्वासली आणि लेकीला घेऊन माहेरी खाली निघून गेली. तो मला म्हणायचा, "उपाह, माझ्या तोंडाचा वास घे. येतोय का?" येत नसे. शेवटी शेवटी त्यालाच शंका यायला लागली. म्हणायचा, "झोपेत पीत असेन का गं मी?" केंद्रातली आधीची नर्स त्याला औषधाला बोलवायची, तर म्हणायचा, "पापाला कसलं औषध? ताईला कळलं तर म्हणेल, प्रार्थना सोडून गोळ्या खातोय." आणि तू घरी गोळी घेत होतीस.

तुझ्याकडून विचार करून पाहिला मी, करायचा नव्हता तरी. तुझ्या सासरचे लोक कसे आहेत ते मला माहीत आहे. तुझ्या लग्नातच तुझी सासू मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली होती, "डोंगरातली आहे, कपाटाला कुलूप लावा, बाटल्या मोजून ठेवा." त्या घरात राहून तू कधी ओठाला थेंब लावला नाहीस. आणि त्याच घरात तुला पिणाऱ्यांचा रोग म्हणतात तो झाला. किती घाबरली असशील. सासूला सांधेदुखी सांगितलीस, ते मला कळतं. मीही तेच केलं असतं. पण सासूपासून लपवणं वेगळं, ताई. दादाला तू एकट्यात सांगू शकत होतीस. पीच न्यायला दर वर्षी येत होतीस, त्याच्याच ओट्यावर बसून चहा पीत होतीस. त्याच्या कानात एवढंच म्हणायचं होतं, मलाही आहे, आईकडून आलंय, गोळी घे. त्याऐवजी तू त्याच्या पायाकडे बघून मान हलवायचीस. आपण निर्दोष दिसावं म्हणून कुणीतरी दोषी असावं लागतं, तसा तू दादा वापरलास का? मला याचं उत्तर नको. मी कितीदा तरी स्वतःला ते देऊन पाहिलंय.

इस्पितळात शेवटी तू त्याचे पाय चोळत होतीस. मी दारातून पाहिलं आणि मला तुझं केवढं कौतुक वाटलं. दादा म्हणाला, "ताई, मी खरंच नव्हतो पीत." तू म्हणालीस, "असू दे आता." ते आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं. 'मला माहीत आहे' एवढं तरी म्हणायचं होतंस.

दादा गेला. एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं, मनात ठेवून मेले असते. पण पीच उतरवायला तुझा सिलान इकडे आलाय. शिडी चढताना लंगडत होता. मी विचारलं तर म्हणाला, "बास्केटबॉल खेळताना मुरगळला, मावशी." मी बूट काढायला लावला. तोच अंगठा, ताई. चोवीस वर्षांच्या पोराच्या पायावर दादाचा अंगठा. तो म्हणाला, "आईला दाखवला होता. आई म्हणाली, खरं सांग, मित्रांबरोबर पितोस ना? मामासारखा मरशील. मी पीत नाही मावशी, पण तिला पटत नाही." मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, आईच्या बोटांपासून तुझ्या गोळीपर्यंत. त्याने ऐकून घेतलं. मग पाय पुढे करून म्हणाला, "डॉक्टरकडे कधी जायचं?" आम्ही जाऊन आलोय. सूज उतरायचं औषध सुरू आहे, रक्त तपासायला गेलंय, गोळी तिकडे येऊन सुरू करेल. 'आईला कळवू नकोस' म्हणत होता, पण आपल्या घरात न कळवणं फार झालं. तो रविवारी घरी येतोय. तुला काही विचारेल की नुसताच बघत राहील, मला माहीत नाही. भाऊ तुला सांभाळता आला नाही, मुलगा अजून आहे. माझी माफी मागू नकोस, मला ती आज देता येणार नाही. रविवारी जेवण झाल्यावर तो समोर बसलेला असताना, सासूही तिथे असू दे, तुझी गोळी काढ आणि सगळ्यांसमोर घे.

तुझीच, कारण बहीण बदलता येत नाही,
उपाह