नंबरातलं कुंकू

चामराजपुरम, मैसूरु
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय जानकी,

तुझ्या अक्काचे अनेक आशीर्वाद. इथं आम्ही सगळे बरे आहोत. तू, अमेय आणि सूनबाई खुशाल असाल असं धरून चालते. पुण्यात थंडी पडली असेल, तर ती करडी शाल बाहेर काढ. कपाटात ठेवून तिचं लोणचं घालू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी मैसूरुचं नाव काढलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते. भर दुपारी चारलासुद्धा होते. पत्र काही तुला मधेच ठेवता येणार नाही, म्हणून हे. शिवाय मला मराठी लिहायला शिकवलंस तूच. घरात आम्ही जन्मभर मराठी बोललो, पण शाळा कन्नड. पन्नाशीपर्यंत मराठीत सहीसुद्धा येत नव्हती. आता शिकवलंस तर भोग. चुका सापडल्या तर लाल पेन काढू नकोस म्हणजे झालं.

आनंदाची बातमी आधी. आमच्या मेघाश्रीला सहावा महिना लागलाय. सीमंत डिसेंबरात करायचं आहे, धनुर्मास लागायच्या आत. त्या महिन्यात शुभकार्य नको, नवी खरेदी नको, हे माझं ठरलेलं. हसू नकोस, मी बदललेली नाही. सूनबाई आता डॉक्टरकडे स्कूटरवरून जाते हे मला बघवत नाही, म्हणून पवनकुमार गाडी घ्यायचं म्हणतोय. जुनीच, पण चांगली. रोज हेब्बाळहून, कामावरून आला की फोनवर गाड्या बघत बसतो. मी म्हटलं, अय्यो, फोनवर बघतोस तर फोनवरच चालव. प्रत्यक्ष जाऊन, मॅट उचलून बघितल्याशिवाय गाडी घ्यायची नसते, हे या गल्लीतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे. कुणामुळं माहीत आहे, ते तुला सांगायला नको.

काय दिवस होते गं ते. कुणी जुनी गाडी घ्यायचं म्हटलं की पहिली हाक तुमच्या घरी, मधूभाऊजींना. ते कंपनीच्या बसमधून उतरायचे, चहा घ्यायचे आणि बॅटरी, पेन्सिल, कागदाची पट्टी घेऊन निघायचे. विकणारा बिचारा बॉनेटची चकाकी दाखवत असायचा आणि भाऊजी सरळ आत वाकून पुढच्या डाव्या सीटखालची मॅट उचलायचे. तिथं पत्र्यात कोरलेला तो सतरा अक्षरांचा नंबर. पहिल्यांदा मी नुसती बघायला गेले होते. त्यांनी कागद ठेवून पेन्सिल अशी दाबली की कागद फाटला. मी हसले. म्हटलं, भाऊजी, सरा.

आमच्या अज्जांच्या घरी कापडावर छपाई चालायची, ते तुला सांगून झालंय शंभरदा. लाकडाचा नवा ठसा आला की रंगात बुडवायच्या आधी त्यावर पातळ कागद ठेवून काडीकोळशानं हलकेच घासायचं, म्हणजे नक्षीतलं कुठलं पान तुटलंय ते समजतं. माझ्या आईचं काम होतं ते, मग माझं. पेन्सिल आडवी धरायची, मनगट सैल सोडायचं. त्या दिवसापासून ठसा काढायचा मी आणि मोजायचं भाऊजींनी, अशी आमची वाटणी झाली.

ते बोटांच्या पेरांवर मोजायचे. सुरुवातीची अक्षरं गाडी कुठली, कुणी बनवली त्याची. दहावं अक्षर वर्षाचं. ए म्हणजे दोन हजार दहा, बी अकरा, असं पुढं. ‘वहिनी, आय, ओ आणि क्यू या तिघांना या घरात प्रवेश नाही बरं का, एक आणि शून्याची सोंगं घेतात ती,’ असं दर वेळी सांगायचे, जसं काही मी आदल्या वेळी ऐकलंच नव्हतं. आपल्या गल्लीतल्या वेंकोजीरावांची ती निळी गाडी आठवते? विकणारा सांगत होता त्याहून दोन वर्षं म्हातारी निघाली. आणि एकदा एक आकडा बाकीच्यांपेक्षा जाड, जरा वाकडा, मागाहून ठोकलेला दिसला, तेव्हा भाऊजी एवढंच म्हणाले, ‘चला, घरी जाऊन चहा घेऊ.’ तू फाटकात उभी असायचीस. ‘काय, पास झाली का नापास?’ मग तुझी थालीपीठं आणि गल्लीतले सगळे तुमच्या पायऱ्यांवर.

तर परवा मी पवनला घेऊन गेले. गावाबाहेर एक जुन्या गाड्यांचं दुकान आहे. पांढऱ्या गाड्यांची रांग, सगळ्या सारख्या. नंबराच्या पाट्यांवर दुकानाच्या नावाच्या फळ्या लावलेल्या. पवनला एक गाडी आवडली. नवी सीटकव्हरं, आत अत्तर इतकं मारलेलं की मला शिंका आल्या. दुकानदार म्हणाला, दोन हजार अठराची आहे. मी म्हटलं, मॅट उचल. तो सीटकव्हरंच दाखवत राहिला. शेवटी मीच खाली बसले. माझ्या गुडघ्यांनी मला कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत शिव्या दिल्या.

ठसा छान निघाला. हात विसरलेला नाही. पेरांवर मोजलं, दहावं अक्षर एच. एच म्हणजे सतरा. मी म्हटलं, अप्पा, ही अठराची नाही, सतराची आहे. तो म्हणाला, ‘अम्मा, बनली सतराच्या डिसेंबरात, नाव लागलं अठराच्या जानेवारीत.’ मी विचारलं, नवी कोरी गाडी महिनाभर कोण उभी करून ठेवतं? तर म्हणाला, ‘धनुर्मास पाळणारं कुणीतरी असेल, तुमच्यासारखं.’ पवन हसला. मीही हसले. मग कागद उलटा केला, तर मागची बाजू लाल.

जानकी, आता जरा पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुमची गाडी घरी आली तो संक्रांतीचा दिवस आठव. तुम्ही डिसेंबरातच आणणार होता. मीच भाऊजींच्या मागं लागले होते की धनुर्मास संपू दे. सगळ्यांनी बॉनेटला कुंकू लावलं, तू चाकाखाली लिंबू ठेवलंस. मी मात्र मॅट उचलून नंबरावर हळदकुंकू घातलं, एकेका अक्षरात बोटानं भरलं. आमच्या घरी नव्या ठशाचं पहिलं कुंकू नक्षीच्या खाचेतच भरायचे. भाऊजी म्हणाले होते, ‘वहिनी, इथं कोण बघणार आहे?’ मी म्हटलं, कुणी बघणार नाही तिथलंच टिकतं. तू एळ्ळु-बेल्लाचं, आपल्या तिळगुळाचं, ताट धरून मागं उभी होतीस आणि आम्हाला दोघांना हसत होतीस. त्या गडबडीत भाऊजींनी अक्षर मोजलंच नाही. सगळ्या गल्लीच्या गाड्या मोजणारा माणूस, स्वतःची तेवढी राहिली.

कुंकू अजून आहे. काळपट पडलंय, पण खाचांत आहे. पवननं फळी काढून पाटी बघितली. तुमचीच.

तू त्या गाडीबद्दल काय म्हणाली होतीस ते मी विसरलेले नाही. एच. डी. कोटेहून येताना भाऊजींनी छातीत दुखतंय म्हणून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दिवे लुकलुकते ठेवले आणि मान टेकली. लोक येईपर्यंत तू एकटी त्यांच्याजवळ बसून होतीस. ‘ही गाडी परत या गल्लीत दिसता कामा नये,’ असं तू अमेयला सांगितलंस, ते मी तुमच्या स्वयंपाकघरात ऐकलं. तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आताही म्हणत नाही.

पण त्या गाडीबरोबर तूही गेलीस गं. तुझ्या घराचं कुलूप मी रोज बघते. मी कोण, तर शेजारीण. शेजारणीनं किती रडायचं हे लोक ठरवतात, म्हणून मी ते सगळे दिवस तुमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा करत राहिले. परवा त्या दुकानात मात्र सीटवर डोकं टेकून रडले. दुकानदाराला वाटलं गुडघे धरले. त्यानं खुर्ची आणून दिली.

आता खरं सांगते. ती गाडी मला हवी आहे. आणखी कुणीतरी नेईल, मॅट धुवायला काढेल, कुंकू जाईल, हे मला सहन होत नाही. पण गाडी आमच्या फाटकात उभी राहिली तर तू कधीच येणार नाहीस, ही भीतीही आहे. दोन्हीपैकी एकच मिळणार असेल तर मला तू हवीस. पवननं दुकानदाराला थांबायला सांगितलंय. तुला न विचारता घेतली असती, तर पुण्यात बसून तुला कळलंही नसतं. पण सीमंताला तू फाटकाशी उतरलीस आणि समोर ती दिसली तर मी तुला तोंड कसं दाखवू?

ठसा पाकिटात घातला आहे. नको असेल तर काही लिहू नकोस, नुसती गप्प राहा. मी समजेन. पवन दुसरी बघेल, आणि तू रिक्षानं ये. पण ये. मेघाश्रीची ओटी तुझ्याशिवाय भरली तर मला ते गोड लागणार नाही.

तुझ्या बंद फाटकापुढं रोज चार ठिपक्यांची रांगोळी घालणारी,
तुझी अक्का
लक्ष्मीदेवी


पुणे
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. ‘पाणी पी’ म्हणालीस तिथे थांबले आणि दोन दिवस पुढे वाचलंच नाही. अमेयने विचारलं, अक्का बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या आहेत, मराठी सुधारलंय.

ठसा मी मोजला. एच. आता एक ऐक. यांना ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही सगळे गेल्यावर त्यांनी मॅट उचलून बॅटरीने बघितलं आणि खूप हसले. मला म्हणाले, ‘वहिनींना सांगू नकोस हं, एका महिन्यापायी गाडीचं एक वर्ष वाया गेलं, घरी येतानाच ती जुनी ठरली, म्हणून मनाला लावून घेतील.’ दर सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये बजावायचे की ती मॅट काढायची नाही.

गाडी विकली त्या दिवशी अमेय खाली वाट बघत होता आणि मी आतलं सगळं काढत होते. गणपती काढला, त्यांचा चष्मा काढला, मानेची उशी काढली. मग मॅटला हात घातला आणि उचलली नाही. गाडीचा मला राग होता अक्का, खूप होता. पण तेवढं कुंकू माझ्याने पुसवेना. कुठेतरी असू दे, असं वाटलं.

आणि तू रडायला कुणाला विचारायला नको होतंस. मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला उठून पुण्याला येता आलं नसतं.

गाडी घे. धनुर्मास लागायच्या आत घे, यंदा वर्ष वाया घालवू नकोस. मी सीमंताला येते आहे. स्टेशनवर रिक्षा नको, तीच पाठव. पवनला सांग, मागे बसवू नकोस. मी पुढेच बसेन, डाव्या बाजूला, माझ्या जागेवर.

तुझी शेजारीण,
जानकी