डाव्या बाजूची सीट

गेल्या मंगळवारी पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ माझ्या शेडमध्ये शिरला आणि मला न विचारता माझ्या गाडीचा हॉर्न वाजवून पाहू लागला. चौकशी केली तेव्हा कळले की माझ्या मुलाने गाडीचे फोटो विक्रीसाठी लावले आहेत. त्या गृहस्थाला ती हॉटेलच्या दारात उभी करून आत फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. त्याला मी फाटकापर्यंत पोचवले. मग मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू काय ती वर घेऊन जाणार आहेस?"

नाही जाणार. म्हणूनच हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पदार्थविज्ञानाची पदवीधर, पंपदुरुस्ती करणाऱ्याची विधवा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके जागेवर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हा मजकूर मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहिलेला नाही. भिडेने मी आयुष्यात फारसे काहीच केलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात हेच खरे धरावे. अंमलबजावणीसाठी शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना नेमते. कोणाच्या ओरडण्याने त्या डगमगत नाहीत.

कलम १. राहते घर मुलाला द्यावे. शेड गाडीबरोबर जाईल, घराबरोबर नाही. नकाशावर लाल रेघ मारली आहे. मुलगा वाईट नाही, त्याला फक्त सगळे लवकर उरकायचे असते. बाप गेला तेव्हाही तेराव्या मिनिटाला तो फोनवर होता. सुनेने माझे आजारपण नीट काढले, त्याबद्दल माझे कपाट आणि त्यातले सगळे तिला. कपाटाची किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते.

कलम २. बँकेत जे असेल त्याचे दोन सारखे भाग करावेत, एक मुलाला, एक मुलीला. यावर चर्चा नको.

कलम ३. माझ्या दिरांनी यजमान गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गाडीच्या डॅशबोर्डमधले घड्याळ काढून नेले. "वहिनी, गाडी उभीच आहे, घड्याळ तरी चालू राहू दे," असे म्हणाले. ते आता त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवलेले असते आणि वीस मिनिटे मागे असते. घड्याळ त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हाती परत केल्यास माझी आरामखुर्ची त्यांना द्यावी. न केल्यास माझा राग त्यांच्याकडे आहे तसाच राहील. डॅशबोर्डमधले ते गोल भोक मी मुद्दाम बुजवलेले नाही.

कलम ४. पंपदुरुस्तीची सर्व हत्यारे सीटवाल्या मास्तरांना द्यावीत. गेली दोन वर्षे त्यांनी या गाडीचे आतले काम केले आणि एकदाही "चालतंय की, बाई" असे म्हणाले नाहीत.

गाडी यजमानांच्या कामाची. पुढे दोन सीटा, मागे समोरासमोर दोन लाकडी बाकडी, वर ताडपत्री. इंजिन त्यांनी कधी बिघडू दिले नाही, पण आतले सगळे झिजले होते. मास्तरांनी बाकड्यांच्या फळ्या घासून त्यांना तेल दिले, दारांचे आतले पट्टे नवे शिवले, पायाखालचे रबर बदलले, धरायच्या दांडीवर चामडे चढवले. दाराची हँडले जुनीच आहेत. अकरा भंगाराची दुकाने हिंडून चौथे मिळाले. वेगाचा काटा चाळिसाच्या पुढे जात नसे. यजमानही जात नसत. काटा दुरुस्त झाला.

कलम ५. ही गाडी, शेडसह, माझ्या मुलीला द्यावी. मुलगा विचारील, का? कारण खाली आहे. त्याने एकदा तरी शेवटपर्यंत वाचावे.

पदवीधर मुलगी पंपवाल्याबरोबर जाते याची माझ्या वडिलांना लाज वाटली. मी गेले, आणि तेवीस वर्षे गाडीच्या डाव्या सीटवर बसून विहिरी, गिरण्या, कारखाने हिंडले. यजमान पाण्याची खोली ओरडून सांगत, मी लिहून घेई. मी बरोबर नसले की ते पेन्सिलीने आपल्या उजव्या सीटच्या कॅनव्हासवर, कडेलाच आकडे लिहीत. म्हणत, "कागद उडतो. सीट कुठं उडून जाते?" मुलगी मागच्या बाकड्यावर उभी राहायची आणि हनुवटी माझ्या सीटच्या पाठीवर टेकवायची. तिचा श्वास माझ्या मानेला लागायचा. "नीट बस," मी म्हणायची. दर वळणावर म्हणायची. ती बसायची, आणि वळण संपले की पुन्हा श्वास मानेवर.

शिवणकाम तिला बापाने शिकवले. ताडपत्री, पट्टे, सीटा. मी त्यात लक्ष घातले नाही. मला वाटे, तिने अभ्यास करावा.

यजमान गेल्यावर मी दीड महिना बहिणीकडे होते. परत आले तर गाडीच्या दोन्ही सीटांवर नवे हिरवे रेक्झिन. मुलगी शेडमध्ये उभी, बोटांना चिकटपट्ट्या, आणि चेहरा असा, की शाळेत पहिली आली तेव्हाही तसा नव्हता.

मी म्हटले, "त्यांचे आकडे कुठे आहेत?"

ती म्हणाली, "आई, आधी ऐक तरी."

"बापाला पुसून टाकलंस."

"हात लावून बघ ना एकदा. दाबून बघ."

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. डावी सीट माझी, तिच्यावर माझा हक्क, असे म्हणून कडेपासून कापली आणि हाताला लागले ते सगळे स्प्रिंगांपर्यंत ओरबाडून काढले. तो गोळा दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिला. तिला म्हटले, "माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस." तिने सुयांचा डबा उचलला आणि गेली. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. ती आता नऊ तासांच्या अंतरावरच्या शहरात सोफ्याचे आणि गाड्यांच्या सीटांचे दुकान चालवते. दुकान चांगले चालते, असे सुनेकडून कळते. मी विचारत नाही; सून भाजी निवडता निवडता आपणहून सांगते, आणि मी तेवढा वेळ रेडिओ बारीक करते.

दोन वर्षांपूर्वी गाडी आतून पूर्वीसारखी करायचे ठरवले. पूर्वीसारखी म्हणजे हिरवे रेक्झिन नको. मास्तरांनी उजवी सीट उसवायला घेतली आणि थांबले.

"बाई, जरा इकडे या."

रेक्झिनखाली मऊ पांढरे कापड होते. त्याखाली जुने कॅनव्हास. पूर्ण. यजमानांनी लावलेले ठिगळ जागेवर, कडेला पेन्सिलीचे आकडे जागेवर. एकही पुसलेला नाही.

मास्तर म्हणाले, "हे ज्यानं केलंय त्याला कापडाची कदर आहे. जुन्यातून एक टाका गेलेला नाही बघा. नवं नुसतं वरून चढवलंय. म्हणजे जुनं झिजायचं थांबतं, आणि पाहिजे तेव्हा उघडून बघता येतं. फार वेळखाऊ काम. मी तर कुणाला करून देत नाही."

"ज्यानं नाही. जिनं," मी म्हटले.

"मग तिलाच बोलवा की. माझ्याकडून कशाला उसवून घेताय?"

मी त्यांना चहा आणते म्हणून आत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. चहा आणायचा राहिला.

म्हणजे पुसून टाकले ते मी. डाव्या सीटच्या रेक्झिनखालीही तसेच कॅनव्हास असणार. त्या सीटवर आकडे नव्हते, पण पाठीच्या वरच्या काठावर एका हनुवटीने झिजलेली जागा होती. ती मी स्वतः वजन करून भंगारात घातली.

त्यानंतर मी मुलीला चार पत्रे लिहिली. पहिल्यात कारणे होती, दुसऱ्यात त्याहून जास्त कारणे. तिसरे फार लांब झाले, चौथे फार छोटे. एकही टाकले नाही. फोन दोनदा लावला; पलीकडून "हॅलो, सीटचं दुकान" असा आवाज आला की ठेवला. आवाज बापासारखा जाड झाला आहे.

म्हणून या लेखात नोंदवते: "माझ्या दारात पाऊल टाकू नकोस" हा मी अकरा वर्षांपूर्वी दिलेला तोंडी हुकूम चुकीचा होता. तो मी आज रद्द करते. तो दिल्या दिवसापासूनच रद्द समजावा. मुलीची चूक नव्हती. माझी होती.

वकिलांनी हा परिच्छेद खोडायला सांगितले. म्हणाले, "बाई, दिलगिरी ही मिळकत होत नाही." मी म्हटले, "माझ्या नावावर तीच सगळ्यात मोठी आहे. राहू द्या."

कलम ६. उजवी सीट मास्तरांनी मुलीच्या पद्धतीनेच पुन्हा झाकली आहे. डावी उघडी आहे, नुसती चौकट आणि स्प्रिंगा. मास्तरांनी तीनदा विचारले, मी तीनदा नाही म्हटले. ती दुसऱ्या कोणी शिवायची नाही. मुलीने शिवली तर तिच्या मर्जीच्या कापडाने शिवावी. नाही शिवली, गाडी विकली, कुंड्या ठेवल्या, तरी कोणी तिला जाब विचारू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला (पाचवे कलम मास्तरांनी वाचले) आणि सही केली.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: निवृत्त पोस्टमन, समोरच्या घरातले. सही.
साक्षीदार २: औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. सही.

ठिकाण: राहत्या घरामागची शेड. सोमवार, दिनांक ११ मार्च, सकाळी साडेदहा.

पुरवणी. त्याच दिवशी, सह्या झाल्यावर.

साक्षीदार गेल्यावर मास्तर म्हणाले, "बाई, एक बोलू? ही सीट तिला तुम्ही मेल्यावरच का मिळायची? परवा मी कापड आणायला तिकडेच चाललोय. टेम्पोत जागा आहे."

मी म्हटले, "तिने घेतली नाही तर?"

"तर परत आणीन. टेम्पो रिकामाच येतो."

मी विचार करते म्हणाले. मास्तर म्हणाले, "करा," आणि सीटचे बोल्ट सोडवायला लागले. मी अडवले नाही. कलम ६ मधली डावी सीट हयातीतच मुलीकडे पाठवते. बाकी कलमे कायम.

ताब्यात दिलेल्या वस्तूंची नोंद

देणार: आई. नेणार: सीटवाले मास्तर. घेणार: मुलगी.

१. डाव्या सीटची चौकट, गंज काढून रंगवलेली. नग एक.
२. स्प्रिंगा, नग नऊ. पैकी एक तुटलेली.
३. उजव्या सीटवरून उतरवलेले हिरवे रेक्झिन, दोरा न कापता उसवलेले, घडी करून.
४. या मृत्युपत्राच्या पाचव्या कलमाची प्रत, बंद पाकिटात.

बुधवार, दिनांक १३ मार्च. पोच झाली. मास्तरांची सही.

घेणाराचा शेरा:

"चारही वस्तू मिळाल्या. पाकीट दुकानातच वाचले. गिऱ्हाईक थांबले होते, थांबू दिले. तुटलेली स्प्रिंग बदलते. कापड बापाच्याच कॅनव्हासच्या रंगाचे आहे माझ्याकडे, जपून ठेवलेले. पण सीटच्या उंचीचे माप पाठवलेले नाही. बसणारे माणूस प्रत्यक्ष बसल्याशिवाय मी माप घेत नाही, कोणाचेच नाही. दुकान गुरुवारी बंद. बाकी दिवशी सकाळी नऊपासून मी असते. सही."