खडकावरच्या घराचा दाखला

लातूर,
१२ सप्टेंबर २००२

चि. आरतूस,

प्रभूच्या नावात सलाम. इकडे मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मताने चालतो, मी माझ्या, आणि बाजारात आम्ही दोघे साधारण एकाच वेळी पोचतो.

तुझं पत्र मिळालं. मेसच्या वरणाला दोन परिच्छेद आणि पवित्रशास्त्राला दीड ओळ, असा तुझा ग्रंथविस्तार. पण ती दीड ओळ मी वरणापेक्षा जास्त वेळा वाचली. नर्सिंग होस्टेलच्या वचन-अभ्यासात येत्या मंगळवारी तुझी पाळी आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानातला येशूचा दोन घरांचा दाखला वाट्याला आलाय, "तर बाबा, कसा घेऊ ते लिहा." पुढच्या ओळीत तू लगेच रेनकोटवर गेलीस. मीही तुझाच बाप, म्हणून आधी गावची खबर लिहितो.

आपल्या गल्लीत आता माणसांपेक्षा टक्के जास्त राहतात. भिंतीभिंतीवर क्लासवाल्यांची हसरी मुलं आणि त्यांच्या हनुवटीखाली त्यांचे गुण. भूकंपानंतर जे लोक वर्ष-दीड वर्ष अंगणात पत्र्याखाली झोपत होते, तेच आता होस्टेलसाठी चौथा मजला चढवत आहेत. माझ्याकडे संस्कृतला गर्दी आहे, कारण त्यात पैकीच्या पैकी पडतात. परवा एकाने अदबीने विचारलं, "सर, अर्थ नाही कळला तर मार्क कटतेत का?" मी खरं ते सांगितलं, "नाही." तो निश्चिंत झाला. मी झालो नाही.

हे वारं आपल्या चर्चच्या मंडळीतही शिरलंय. तो व्यंकट, फिजिक्सच्या क्लासात पेपर तपासणारा, त्याने तरुणांसाठी शास्त्राची टेस्ट सिरीज काढली आहे. "शहाण्या मनुष्याने घर कशावर बांधले? अ) वाळू ब) खडक क) दोन्ही ड) यांपैकी नाही." सगळ्यांनी ब लिहिलं. सगळे पास. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात 'ड'वर खूण केली. बरं झालं पेपर दिला नाही. चुकीला वजा गुण होते.

तर तुझा प्रश्न.

आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी या ख्रिस्ती पोराला ओट्यावर बसवून जे शिकवलं तेच सांगतो. कुठलंही वचन हातात घेतलं की ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते आधी पाहायचं. हा दाखला येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाच्या अगदी शेवटी येतो. म्हणजे आधीचे अध्याय वाचल्याशिवाय त्या घरात शिरायचं नाही. वैऱ्यावर प्रीती करा, उद्याची काळजी उद्यावर सोडा, दुसऱ्याचे दोष काढण्याआधी स्वतःचा डोळा धुवा, हे सगळं सांगून झाल्यावर प्रभू विचारतो की ऐकलंत, आता करणार का? ऐकून तसं वागणारा तो खडकावर बांधणारा, त्याचं घर पुरात टिकलं; नुसतं ऐकणारा तो वाळूवरचा, त्याचं कोसळलं. दाखला त्या करण्याचा आहे. गवंडीकामाचा नाही. मुलींना आधी ते सगळं पाळीपाळीने मोठ्याने वाचायला लाव. लगेच समजवायला धावू नकोस, भावी मेट्रनबाई. जिथे कुणी अडखळेल तिथे थांबा. बहुधा कामाचं तिथेच असतं.

आणि उपमा ताणायची नाही. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणजे अमावास्येला नवरीचं तोंड शोधत हिंडायचं नसतं. कवीला जेवढं साम्य हवं तेवढंच घ्यायचं आणि बाकीचा चंद्र आकाशात राहू द्यायचा. इथेही तसंच. कुणी एखादी चलाख मुलगी विचारेल, खडक म्हणजे नक्की कोण, वाळू म्हणजे कोणती मंडळी? तिला सांग, ते शास्त्रात नाही, ते तुझ्या डोक्यात आहे. त्यापेक्षा हे दाखव की पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर आला. शहाण्याच्या घरावर आभाळ कोरडं होतं असं प्रभूने कुठेही म्हटलेलं नाही.

इथपर्यंत लिहून मी चहा करायला उठलो. इथपर्यंतचं कुठल्याही क्लासात फळ्यावर लिहून देता आलं असतं. तू ते विचारलेलं नाहीस, हे मला कळतं.

भूकंपानंतरची ती पत्र्याच्या शेडमधली उपासना तुला आठवते का मला ठाऊक नाही. मदत घेऊन लांबून आलेल्या त्या भल्या पाळकांनी नेमका हाच दाखला घेतला. समोर बसलेले सगळे दगडामातीच्या जड माळवदी छताखालून निघालेले. दगडाचं घर त्या गावांत ऐपतीचं. ज्यांच्याकडे नुसती कुडाची छपरं होती ते जगले, आणि दगडवाले गेले. पाळकांना कुणी हे सांगितलं नव्हतं. 'खडकावरचं घर पडलं नाही' असं ते म्हणाले आणि तू चटईवरून उठून बाहेर गेलीस. मी मागोमाग आलो. आपण पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसून मदतीतली बिस्किटं खाल्ली. तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. आपला पाठ त्या टँकरपाशीच थांबलाय.

इकडेही तेच. शुक्रवारी आपल्या घरी अभ्यासाला चारदोन जण येतात. आम्ही मत्तय ओळीने वाचत होतो. हा दाखला आला, तेव्हा त्यांच्यातल्या धोंडप्पाने चष्मा पुसला, तो न वाचताच पान उलटलं आणि पुढचा अध्याय वाचायला सुरुवात केली. कुणी म्हणालं नाही की काही राहिलं. माणसं चांगली आहेत. ती गेल्यावर मी खुर्च्या भिंतीला लावल्या, आणि मग इतकं शांत झालं की मी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकला. आपल्याला शेत नाही.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

गेल्या महिन्यात एक बाई दारात आली. "सिस्टरबाईचं घर ह्येच का ओ?"

मी म्हणालो, "होतं."

तिचं नाव गुरम्मा. तुझी आई नर्स होती त्या आरोग्य उपकेंद्राच्या गावची, भूकंपानंतर देगलूरकडे माहेरी गेलेली. थोरल्याला इथे क्लासला घालायला आली होती. खुर्ची दिली तर पायरीवरच बसली. "तुमी वळखनार न्हाईत. त्या राती बाई माज्यापाशीच व्हत्या."

मी म्हणालो, "हो, तिची बस चुकली ना." इतकी वर्षं आपण दोघं तेच धरून चाललो होतो. विसर्जनाची गर्दी होती, बस चुकली असणार.

"बस कुटं चुकली, सर? बस हुबी व्हती. बाईनं पिशवी बी आत ठिवली व्हती. मला कळा सुरू झाल्या, माजा सासरा पळत ग्येला, तवा बाईनं पिशवी काढून घेतली. कंडक्टर म्हनला, बाई, ह्येच्यामागं गाडी न्हाई. बाई म्हनल्या, जावा तुमी."

गुरम्माला मळ्यातल्या छपरात मुलगी झाली. सगळं नीट झालं. सासू म्हणाली, बाई, हितंच पडा. "बाई म्हनल्या, नगं, खोलीवर जाते, तिथनं पहाटंची गाडी घावती. पोर वाट बघून राहिली आसंल." पहाटे भूकंपात छप्पर हललं, पडलं नाही. "आन् बाईची खोली दगडाची..." एवढं म्हणून गुरम्माने पदर तोंडाला लावला. "तुमाला ठाव हाय वाटलं व्हतं, सर."

आरतू, मी तुला हे महिनाभर कळवलं नाही, कारण मला राग आला होता. नऊ वर्षं मी एसटीवर रागावलो होतो, ते सोपं होतं. एसटी कधी उलट उत्तर देत नाही. आता राग तुझ्या आईवर, सिंधूवर आला. पिशवी आत ठेवून झाली होती! दाई होती, सासू होती. घरी तू होतीस, मी होतो.

आणि मग दाखला वाचायला घेतला. तिने ऐकलं आणि केलं. प्रभू जसं करायला सांगतो अगदी तसंच. तिचं घर पडलं, आणि ज्याला पायाच नव्हता ते छप्पर उभं राहिलं. उपमा ताणू नये हा नियम मला पाठ आहे, पण चंद्र अंगावर कोसळला तर तो नियम कामाला येत नाही. मी ओढूनताणून अर्थ बसवणार नाही, आणि तूही बसवू नकोस. अर्थ लागत नाही म्हणून वचनाला कात्री लावू नये, तशी आपल्या दुःखालाही लावू नये. दोन्ही उघडी ठेवून बसावं, प्रार्थना होत असेल तर करावी, आणि सोबत कुणी असावं. एकट्याने वाचू नये. हे शास्त्रीबुवांनी सांगितलं नव्हतं, मला एकट्याने वाचून कळलं.

मंगळवारी दाखला घे, नाही तर पाळी बदलून माग. दोन्ही चालेल. आईचं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. तिचं ते 'पोर वाट बघत असेल' हे शेवटचं वाक्य मात्र ओझं म्हणून उचलू नकोस. गुरम्मा सांगत होती, ते म्हणताना बाई हसत होत्या. तुलाही तिचा राग आला तर तो घेऊनच अभ्यासाला बस. शास्त्रातली स्तोत्रं रचणारी माणसंही पुष्कळदा रागावलेलीच होती, आणि त्यांना कुणी बाहेर काढलं नाही.

मला एवढंच लिही की मुली कुठे अडखळल्या. आणि तू कुठे.

मागच्या दोन पत्रांखाली मी नुसतंच 'बाबा' लिहिलं होतं. तुझ्या लक्षात आलं असणार, तू विचारलं नाहीस. इतकी वर्षं मी तिला न विचारता तिचीही सही करत आलो. गुरम्मा येऊन गेल्यावर हात वळेना. आज वळतोय का बघतो.

तुझे,
बाबा
आणि आई